ताईचे वीस तास: लवकर निवृत्तीनंतर फ्रीलान्स काम घ्यावं का?

ताईनं ५१व्या वर्षी नोकरी सोडली, तेव्हा तिच्या मनात किंचितही धाकधूक नव्हती. २६ वर्षं तिनं कारखान्यांच्या पाइपिंगची ड्रॉइंग तपासली होती. दुसऱ्यांनी काढलेल्या कागदावरचं प्रत्येक माप, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक बोल्ट बघायचा. बरोबर असेल त्यावर पिवळी रेघ, चूक असेल तिथे लाल. शेवटच्या दिवशी तिनं टेबलाच्या खणातली उरलेली पिवळी पेन्सिल तेवढी घरी आणली.

दोन वर्षांनी एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. त्यानं मधल्या काळात स्वतःची छोटी फर्म काढली होती. "मॅडम, ड्रॉइंग काढणारी मुलं आहेत, तपासणारं कुणी नाही. आठवड्याला वीस तास द्या, घरूनच. बाकी तुम्ही म्हणाल तसं."

ताईनं त्याच्याकडे पंधरा दिवस मागितले आणि मला फोन केला. मी तिची धाकटी बहीण. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे घरातला पैशाचा प्रश्न आधी माझ्याकडेच येतो. हे सगळं तिच्या परवानगीनं लिहिते आहे. रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत. निवृत्तीच्या पहिल्या वर्षाचा घरखर्च १०० भाग धरला आहे आणि पुढचे सगळे आकडे त्याच मापात आहेत, म्हणजे ज्याला हवं त्यानं स्वतःचे आकडे घालून बघावेत.

हिशेब

नोकरी सोडताना ताईची पुंजी २,८०० भाग होती, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २८ पट. पहिल्या वर्षी पुंजीतून काढायची रक्कम साधारण ३.६ टक्के होत होती. या टक्क्यांना आधार आहे तो विल्यम बेंगन या अमेरिकी आर्थिक सल्लागाराच्या १९९४ सालच्या अभ्यासाचा. शेअर आणि सरकारी रोखे यांत वाटलेल्या पुंजीतून पहिल्या वर्षी ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईएवढी वाढ घेत गेलं, तर अमेरिकेच्या तोवरच्या इतिहासात पुंजी किमान ३० वर्षं पुरली असती, असं त्यांना दिसलं. १९९८ मध्ये ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांचा अभ्यास साधारण त्याच वाटेनं गेला. लोक "४ टक्के" एवढंच लक्षात ठेवतात आणि ३० वर्षं विसरतात. ५१व्या वर्षी घरी बसणाऱ्या बाईला ४० वर्षांची तरी तजवीज हवी. म्हणून आम्ही तेव्हाच ४च्या खाली राहिलो होतो.

पण पहिल्याच वर्षी बाजार १४ टक्के पडला. दुसऱ्या वर्षी तो जेमतेम जागेवर राहिला. फोन आला तेव्हा पुंजी २,२५० होती आणि महागाईनं वर्षाचा खर्च ११०वर गेला होता. म्हणजे काढायची रक्कम ४.९ टक्के. ताईला हा आकडा माहीत होता. तो कुणापाशी बोलली नव्हती, एवढंच.

सुरुवातीचीच वर्षं वाईट निघाली तर एवढं बिघडतं कशामुळे, हे छोट्या उदाहरणानं दाखवते. १,००० भाग आहेत. बाजार एका वर्षी २० टक्के पडतो आणि एका वर्षी २५ टक्के चढतो. काहीच काढलं नाही, तर क्रम कोणताही असो, हातात पुन्हा १,०००च राहतात. आता दर वर्षाअखेर ५० काढा. आधी चढ आणि मग उतार आला तर ९१० उरतात. आधी उतार आला तर ८८७.५. दोनच वर्षांत आणि एवढ्या लहान रकमेवर हा फरक पडतो, कारण पडलेल्या भावात विकलेलं पुन्हा चढायला शिल्लक राहत नाही. निवृत्तीच्या सुरुवातीला बाजार पडला असताना बाहेरून आलेला थोडासा पैसा नंतरच्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त उपयोगाचा का, त्याचंही उत्तर यातच आहे. त्यामुळे त्या फोनची वेळ, निदान पैशाच्या अंगानं, चांगली होती.

मग आम्ही वीस तासांची किंमत काढायला बसलो. वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ९६० तास. देऊ केलेल्या दरानं ९६ भाग. ताईचा चेहरा खुलला, कारण जवळजवळ सगळा घरखर्चच निघत होता! मी कागद तिच्याकडून परत घेतला.

ड्रॉइंग उघडायचं सॉफ्टवेअर नोकरीत असताना कंपनीचं होतं. आता ते भाड्यानं स्वतः घ्यायचं: ५ भाग. कर आणि कामाचा विमा मिळून २१. हातात राहिले ७०. तासांचंही तसंच. ज्यांचे पैसे मिळत नाहीत असे तास नोकरीत दिसत नाहीत, कारण पगार त्यांचाही मिळतो. कामाचा अंदाज देणं, फोन, फाइल उघडत नाही म्हणून परत मागवणं, बिल पाठवणं आणि त्या बिलाच्या मागे लागणं, हे सगळं आठवड्याला सहा तास धरलं. वर्षाचे झाले १,२४८ तास. ७० भागिले १,२४८, म्हणजे तासाला ०.०५६. बोललेला दर ०.१ होता. प्रत्यक्ष हातात येणारा दर त्याच्या निम्म्याहून थोडाच वर.

यातली गोम मला दुसऱ्या बाजूनं कळली. ताईला ७० भागांची गरजच नव्हती. पुंजीच्या ३.६ टक्के म्हणजे ८१ भाग. खर्च ११०. खड्डा २९ भागांचा. त्यातले ११ असे निघाले की खर्च एक-दोन वर्षं पुढे ढकलला तर कुणाचं काही अडत नव्हतं. जुनी गाडी बदलणं हा त्यातला मोठा भाग. उरले १८. त्यासाठी लागतात साधारण ३२० तास. म्हणजे वर्षातले ३२ आठवडे, आठवड्याला दहा तास, आणि त्या दहात बिनपैशांचे तासही आले.

समोरच्यानं वीस तास म्हटले म्हणून आम्ही दोघी चार दिवस "वीस तास, हो की नाही" याच गोष्टीवर डोकं लावत होतो. त्याचे वीस तास त्याच्या गरजेचे होते. ताईची गरज कुणी मोजलीच नव्हती, तिनंही नाही.

उत्पन्नाचा आणखी एक हिशेब प्रत्येकानं आपल्यापुरता करून बघावा. काही देशांत लवकर सुरू केलेलं निवृत्तिवेतन नव्या कमाईमुळे तात्पुरतं कमी होतं, काही ठिकाणी उत्पन्न एका रेषेपुढे गेलं की आरोग्यविम्याची सवलत जाते. अशा ठिकाणी रेषेच्या जरा वर गेलेली कमाई रेषेच्या खालच्या कमाईपेक्षा हातात कमी पडू शकते. ताईच्या बाबतीत असं काही नव्हतं.

वहीतल्या २३ नोंदी

इथवर सगळं सोपं होतं. मला आकडे येतात. पण ताईचा आवाज मी ऐकत होते आणि त्यात फक्त पैशाची काळजी नव्हती. वीस तास ऐकून ती सुखावली होती, दर ऐकायच्या आधीच.

मी तिला म्हटलं, "ताई, दोन आठवडे एक वही जवळ ठेव. जीव लागत नाही, हातात काहीतरी हवं होतं असं वाटलं, की त्या क्षणी नेमकं काय हवं होतं ते लिही. नंतर आठवून लिहू नकोस."

तिनं प्रामाणिकपणे लिहिलं. २३ नोंदी झाल्या. त्यांतल्या सहा पैशाच्या भीतीच्या होत्या, आणि त्या सगळ्या फोनवर पुंजीचा आकडा बघितल्यानंतरच्या. पाच नोंदी दिवसाला कडा नसल्याच्या: मंगळवार आहे की गुरुवार ते कळत नाही, अशा. नऊ नोंदींत वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट होती. "कुणी काही विचारत नाही." प्रत्यक्ष ड्रॉइंगच्या कामाच्या नोंदी तीनच होत्या, पण त्या लांबलचक होत्या. एका इमारतीच्या तळघरात तिला भिंतीला खेटून बसवलेला व्हॉल्व्ह दिसला. त्याचं चाक भिंतीकडे तोंड करून होतं. तिनं लिहिलं होतं, "हे फिरवणार कोण आणि कसं? दहा मिनिटं उभी राहिले. कागदावर मी हे सोडलं नसतं."

मी या वहीपाशी बराच वेळ थांबले, आणि फ्रीलान्सचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी इथेच थांबायला सांगेन. पैसा, दिवसाची कडा, कुणीतरी विचारणं आणि हातातलं कसब या चार वेगवेगळ्या उणिवा आहेत. नोकरी त्या चारही एकत्र भरून काढते, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे नोकरीत कळतच नाही. फ्रीलान्स काम त्यातल्या काहीच भरतं, आणि कोणत्या ते कामाच्या घडणीवर अवलंबून असतं.

ताईचंच बघा. पैशाची उणीव निघत होती. कसबाची उणीव पुरेपूर भरत होती. पण "कुणी विचारत नाही" ही सगळ्यात मोठी उणीव? नोकरीत ड्रॉइंग काढायच्या आधी मुलं तिच्या टेबलाशी यायची. "मॅडम, ही लाइन वरून नेऊ की खालून?" बाहेरच्या तपासनिसाकडे ड्रॉइंग येतं ते सगळं ठरून गेल्यावर. तिनं चूक काढायची, ती दुरुस्त होणार, संपलं. विचारायला कुणी येणारच नाही. वीस तास घेतले असते तरी त्या नऊ नोंदी तशाच राहिल्या असत्या, आणि वर थकवा. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मला परत टेबल हवंय. आणि ते तर तो देत नाहीये."

भाच्याचं म्हणणं होतं की आईनं काम घ्यावंच, नाहीतर बुद्धी गंजते. त्यानं २०१०चा रोह्वेडर आणि विलिस यांचा अभ्यास दाखवला. अमेरिका आणि युरोपातल्या साठीच्या सुरुवातीच्या लोकांत लवकर निवृत्त झालेल्यांची स्मरणशक्ती कमी आढळली, असं तो सांगतो. अभ्यास नीट केलेला आहे, पण त्यातून ५३ वर्षांच्या एका बाईनं आठवड्याला किती तास काम घ्यावं ते निघत नाही. शिवाय बुद्धीला काम हवं याचा अर्थ तिला बिल फाडलेलं कामच हवं असा होत नाही.

उलट बाजूची भीती मला होती. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली होती. ज्यांना सोडवण्याचे पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळले. तळघरातल्या व्हॉल्व्हपाशी दहा मिनिटं फुकट उभं राहणारी ताई तासाचा दर लागल्यावर तशी उभी राहील का? पण हा मुद्दा मी ताणला नाही. २६ वर्षं पगार घेऊनही तिची ती सवय गेली नव्हती. माणूस समोर असताना त्याचाच पुरावा मोठा मानावा.

भावोजींचा प्रश्न

भावोजी आमच्या कागदांत फारसे डोकावले नव्हते. एका संध्याकाळी ते शांतपणे एवढंच म्हणाले, "तू घरी राहणार म्हणून मी माझे कामाचे दिवस पाचाचे तीन केले. ते दोन दिवस मी कुणासाठी मोकळे ठेवलेत?"

या प्रश्नाला आमच्या कागदावर रकानाच नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं. लवकर निवृत्ती एकाची असली तरी तिच्याभोवती दुसऱ्यानं आपलं आयुष्य सरकवून घेतलेलं असतं. ताईनं त्याच वेळी ठरवलं की ते दोन दिवस कामाला द्यायचे नाहीत, कितीही गळ घातली तरी. हा एक नियम तिनं आजवर मोडलेला नाही.

काय ठरलं

साफ नाही म्हणायचा पर्यायही आम्ही बघितला. खर्च आणखी आवळता आला असता. पण या कामाला नाही म्हणण्याचीही किंमत असते आणि ती दरवर्षी वाढते. कारखान्यांच्या पाइपिंगचा एएसएमई बी३१.३ हा कोड, म्हणजे अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेची नियमावली, दर दोन वर्षांनी नव्या आवृत्तीत येतो, सॉफ्टवेअर बदलतं, ओळखीचे लोक जागा सोडतात. आज दोन वर्षांनी दार उघडं होतं. पाच वर्षांनी गरज पडली असती तर ते उघडं असतंच असं नाही. थोडं काम हातात ठेवणं म्हणजे त्या दारात पाय ठेवून उभं राहणं, आणि अंदाज चुकून पुंजी आणखी घसरली तर ते कामी येतं.

ताईनं आधी एक चाचणीची खेप मागितली: ४० आयसोमेट्रिक ड्रॉइंग (एकेका पाइपलाइनची तिरक्या कोनातून काढलेली चित्रं), ठरलेल्या पैशांत. त्या खेपेवरून तिचा वेग कळला आणि मग तिनं अटी लिहून पाठवल्या. पैसे तासावर नाहीत, खेपेवर. फाइल सोमवारी आली पाहिजे, काम पाच दिवसांत मिळेल. त्याच दिवशी हवं, उद्या सकाळी हवं, हे नाही. ड्रॉइंगवर शेवटची सही फर्मच्या इंजिनिअरची, ताईची जबाबदारी तिनं घेतलेल्या पैशांपुरती. बिल पंधरा दिवसांत. आणि माझ्या आग्रहाचं कलम: दहा महिन्यांनी हा करार आपोआप संपेल, पुढे न्यायचा असेल तर दोघांनी नव्यानं सही करायची. सुरू केलेलं काम थांबवताना आपल्याला संकोच वाटतो, जुन्या ओळखीत तर फारच. थांबणं कागदानंच करावं, माणसाला तोंड उघडायला लागू नये.

"मॅडम, एवढ्या अटी?" तो म्हणाला. दोन दिवसांनी त्यानं सही केली. वीसचे दहा तास झाले तरी त्याला चाललं.

दहा महिने

तिसरी खेप शुक्रवारी संध्याकाळी आली, सोबत निरोप: सोमवारी सकाळी हवं. ताईनं ते केलं. दोन दिवसांत १७ तास. मला सांगितलंही नाही. रविवारी रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. ६ इंची लाइन होती, ३०० क्लासची; क्लास म्हणजे दाब सोसण्याचा वर्ग. फ्लँज, म्हणजे पाइप बोल्टनं जोडायची चकती, बरोबर ३००चा लावला होता, पण सामानाच्या यादीत बोल्ट लिहिले होते ८. सहा इंचाला १५० क्लासच्या फ्लँजला ८ बोल्ट लागतात, ३००च्या फ्लँजला १२. यादी जुन्या ड्रॉइंगवरून जशीच्या तशी उचलली होती. अशा चौदा जोडण्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नसतं, तर सामान साइटवर पोचल्यावर जोडणीच्या वेळी काम ठप्प झालं असतं. ताईचा आवाज मला आठवतो. तो तिच्या चाळिशीतला आवाज होता.

म्हणूनच ती खेप धोक्याची ठरली. अट मोडली आणि बक्षीस मिळालं. पुढची खेपही शुक्रवारीच आली. या वेळी ताईनं उत्तर लिहिलं, "सोमवारी उघडते, शुक्रवारी देते." आणि फोन बंद ठेवला. सोमवारी तिकडून कुणी काही बोललं नाही. त्यांची मुदत चार दिवसांनी हलली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हापासून फाइल सोमवारी येते.

पैशाचं मात्र रडगाणं झालं. पंधरा दिवसांत यायचे बिलाचे पैसे एकदा ४७ दिवसांनी आले. ताईला मागायला संकोच वाटायचा, मग तिनं बिलासोबतच तारखांचा तक्ता पाठवायला सुरुवात केली.

दहा महिन्यांचा जमाखर्च असा: पैसे मिळालेले तास २९०, न मिळालेले ९६. बिलं २९ भागांची, सॉफ्टवेअर ४, कर आणि विमा साडेपाच. हातात १९.५, म्हणजे तासाला ०.०५. आम्ही धरलेल्यापेक्षा दर थोडा कमी पडला, कारण सॉफ्टवेअरचं भाडं काम निम्मं झालं म्हणून निम्मं होत नाही, हे मी नीट मोजलं नव्हतं. पण हवे होते १८ आणि आले १९.५. बाजारही ९ टक्के वर आला आणि पुंजी २,३६४ झाली. पुढच्या वर्षाचा खर्च ११४ धरला तर प्रमाण अजून ४.८च आहे. भीती गेलेली नाही, ती वाढायची थांबली आहे.

करार ठरल्याप्रमाणे आपोआप संपला. सहकाऱ्यानं लगेच नवा कागद पाठवला, या वेळी पंधरा तासांचा. ताईनं ती वही काढली, नऊ नोंदींची पानं उलटली आणि पंधराचे पुन्हा दहा केले. मग खाली एक कलम स्वतः लिहिलं. फर्ममधल्या दोन नव्या मुलांबरोबर दर बुधवारी एक तास, ड्रॉइंग सुरू करायच्या आधी, दहा तासांत धरलेला.

पहिल्या बुधवारी एका मुलानं विचारलं, "मॅडम, ही लाइन वरून नेऊ की खालून?" ताईनं त्याला आधी विचारलं, व्हॉल्व्हचं चाक कुठल्या बाजूला येतंय.